एकोणीस नंबरचं बोट

बालाघाटात बोटाच्या ठशावर उघडणारं पहिलं दार मी बसवलं, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. ते खरोखर पहिलं होतं का, हे कुणी तपासलेलं नव्हतं. नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, मी चोवीस वर्षांचा होतो आणि संगणक शिकलेल्या माणसाचं म्हणणं खोडून काढणारा आमच्या गावात सहसा भेटत नसे. घरात तीन पिढ्यांची सरकारी नोकरी. मी खाजगीत लागलो तेव्हा वडील आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यामुळे मला तिथे काहीतरी मोठं करून दाखवायची घाई झाली होती.

कंपनी जमीन-जंगलाच्या मोजणीची कामं घ्यायची. मुख्य ऑफिस नागपूरला, मध्य प्रदेशात बालाघाटला आमची ही शाखा. मोजणीदार जीपमधून बैहर-बिरसाच्या जंगलाकडे जायचे आणि आठवड्याने दाढी वाढवून परतायचे. त्यांनी आणलेल्या आकड्यांचे नकाशे व्हायचे, ते नकाशे वरच्या मजल्यावर ठेवले जायचे. एकदा नकाशांची एक गुंडाळी हरवली. चार दिवसांनी ती जीपच्या सीटखाली सापडली, पण तोवर नागपूरला निर्णय होऊन गेला होता. यापुढे दार किल्लीने नाही, मशीनने उघडायचं.

मशीन म्हणजे दाराशेजारी भिंतीवर लावलेला एक खोका. वर आकड्यांची बटणं, खाली बोट ठेवायची काच. आधी आपला नंबर दाबायचा, मग बोट टेकवायचं. जुळलं तर हिरवा दिवा आणि दार खट्कन सुटायचं. नाही जुळलं तर लाल दिवा आणि एक चिडका आवाज. हे सगळं तारेने माझ्या टेबलावरच्या संगणकाला जोडलेलं होतं. कुणाला किती वाजल्यापासून आत घ्यायचं, कुणाला वरच्या मजल्यावर जाऊ द्यायचं, हे मी तिथे ठरवायचो. कोण कधी आलं, कुणाला दाराने किती वेळा नाकारलं, याचीही नोंद सेकंदासकट तिथे होत असे. खरं तर ठरवायचं नागपूर, मी फक्त त्यांच्या यादीप्रमाणे खुणा करायचो. पण की-बोर्ड माझ्यापुढे होता आणि तेवढ्याने माझी मान ताठ झाली होती.

ज्या दिवशी सगळ्यांचे ठसे घेतले, त्या दिवशी एक घोळ झाला. मशीनसोबतच्या पुस्तकात अंगठा घ्या, तो सगळ्यांत चांगला उमटतो, असं लिहिलं होतं. अंगठा द्यायला कुणीच तयार होईना. आमचे मुख्य कारकून, ज्यांना सगळे बडेबाबू म्हणायचे, ते भडकलेच.

"मी मॅट्रिक पास आहो. आंगठा काहून देऊ? मी का अंगठाछाप आहो?"

मी म्हटलं, हा तो अंगठा नव्हे, मशीनला सगळी बोटं सारखीच. ते म्हणाले, "मशीनले असन. लोकाईले नाही." मग एकामागून एक सगळ्यांनी तर्जनी दिली. मोजणीदारांनी दिली, नकाशे काढणाऱ्यांनी दिली, जीपच्या ड्रायव्हरनेही दिली. मी स्वतः आधी अंगठा नोंदवला होता, तो पुसून मीही तर्जनीच दिली. शिकलेला माणूस आहे, दिसायला तर हवं.

अंगठा फक्त एकीने पुढे केला. ती आमच्याकडे झाडझूड करायची, पाणी भरायची. वय पन्नाशीच्या पुढे, लालबर्रा रोडवरच्या एका गावातून रोज पहिल्या बसने यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिने जन्मभर कागदावर अंगठाच लावला होता, त्यामुळे तिला त्यात काही वाटलं नाही. पदराला हात पुसून तिने अंगठा काचेवर टेकवला. लाल दिवा लागला. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल.

तिची दहाही बोटं आम्ही लावून पाहिली. ओली करून, कोरडी करून, खोबरेल तेल चोळून, केसांवर घासून. मशीनला तिथे ठसा असा दिसतच नव्हता. सातव्या वर्षापासून ती विड्या वळत होती. लग्नानंतर काही वर्षं मँगनीजचे दगड निवडले. मग सोळा वर्षं आमची फरशी सोड्याच्या पाण्याने पुसली. बोटांवर रेघा होत्या, पण त्या चिरांच्या होत्या. जन्मताना मिळालेल्या कधीच झिजून गेल्या होत्या.

"माही बोटं खराब हाये का जी?" तिने विचारलं.

"बोटं नाही, मशीन खराब हाय," मी म्हटलं. हे खोटं होतं. मशीन उत्तम होतं.

नागपूरचा आदेश स्पष्ट होता. पहिल्या तारखेपासून ज्याचं बोट नोंदलेलं नाही त्याला आत घ्यायचं नाही. अपवाद हवा असेल तर लेखी अर्ज करायचा, त्याचा विचार मुख्य ऑफिस करील. मी अर्ज लिहायला बसलो, तर बडेबाबूंनी हात धरला.

"बह्याड हायेस का? त्याईले बहाणाच पायजे. सफाईचं काम ठेक्यावर द्याचं कवापासून चालू हाय तिकडं. तू अर्ज केला का हिची सुट्टी झाली म्हनून समज."

घरी तिचा नवरा लकवा होऊन खाटेवर पडलेला. तिचं हे काम गेलं तर तिला पुन्हा विड्यांच्या सुपाशी जाऊन बसावं लागणार होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी अर्ज टाइप करून ठेवला, पण पाठवला नाही. टेबलाच्या खणात सरकवला. आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर एकोणीस नंबरासमोर तिचं नाव लिहून काचेवर माझ्या डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट ठेवलं. हिरवा दिवा लागला. ते बोट मला तसंही कशाला लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगितलं. मी रोज आठला येतो, माझा नंबर वीस, माझ्यामागून तुमचाही दाबत जाईन. तिने मान हलवली.

"पन हे कोणाले सांगू नका मावशी. माही नोकरी जाईल."

"नाही सांगत जी."

"कोणालेच नाही. नागपूरचा साहेब आला तरी नाही."

"नाही म्हनलं ना," ती म्हणाली, आणि बादली घेऊन नळाकडे गेली.

असं वर्षभर चाललं. ती पावणेआठला येऊन पायरीवर बसलेली असायची. मी आठला यायचो. वीस दाबून उजवी तर्जनी, मग एकोणीस दाबून डावं ते बोट. ती शेजारी उभी राहून बघायची. बोट टेकवलं की दिव्याकडे बघायची आणि हिरवा लागला की दरवेळी हसायची, जणू आज लागेल की नाही याची तिला खात्री नसे. आत गेल्यावर तिचं पहिलं काम म्हणजे मशीनची काच पुसणं. आधी ओलं फडकं, मग कोरडं. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मशीनने आम्हाला पुष्कळ छळलं. रोवण्याच्या दिवसांत ज्यांची शेती होती ते शनिवार-रविवार गावाकडे जाऊन धान रोवायचे. दोन दिवस चिखलपाण्यात हात घातले की बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतायची, आणि सोमवारी सकाळी अर्धं ऑफिस दाराबाहेर बोटं चोळत उभं. मी आतून दार उघडायचो आणि नागपूरला खुलासा लिहायचो. धान कसं रोवतात हे नागपूरच्या साहेबाला दोन पानांत समजावून सांगितल्याचं मला आठवतं. त्याचं उत्तर आलं, कर्मचाऱ्यांना हातमोजे वापरायला सांगा.

दसऱ्याला त्याहून मोठी गंमत झाली. आदल्या दिवशी टाइपरायटर, जीप, मोजणीची यंत्रं अशी सगळ्यांची पूजा झाली, तर मशीनने काय पाप केलं म्हणून बडेबाबूंनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. सुट्टी संपवून त्या दिवशी मीही सगळ्यांसोबत दहाला आलो, तर काचेवर कुंकू तेलात कालवून वाळलेलं. माझंही बोट घेईना. मी, ज्याने ते दार बसवलं तो, पायरीवर हात चोळत उभा. शेवटी मावशीने पदराचं टोक थुंकीने ओलं केलं, काच घासून लख्ख केली आणि म्हणाली, "आता लावा जी." एकेक करून सगळे आत गेले. तिच्या नंबराला बोट मी लावलं तेव्हा बडेबाबू पाठमोरे होते. निदान मला तसं वाटलं.

तेव्हा आमच्याकडे वीज फार जायची. मशीनची बॅटरीही उतरली की दाराचं चुंबक सुटायचं आणि कुणीही ढकलून आत यायचं. त्या दिवशी मावशी माझी वाट न बघता कामाला लागलेली दिसायची. मला ते आवडत नसे. माझ्या मशीनचा अपमान वाटायचा, आणि थोडं असंही वाटायचं, की आज हिला आपली गरज पडली नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

पुढच्या जूनमध्ये मला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी समोसे-चिवडा झाला, बडेबाबूंनी भाषण केलं. सगळे पांगल्यावर मावशी एक पिशवी घेऊन आली. त्यात दोन-अडीच किलो चिन्नोर तांदूळ होता, घरचा, वास दरवळत होता.

"तुमच्या आईले द्या," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "आता दाराचं कसं करायचं जी?"

"करून ठेवतो मावशी. तुमी काळजी नका करू."

करायचं मी ठरवलंही होतं. खणातला अर्ज काढला, वाचला. पण तो द्यायचा तर एकोणीस नंबरावर इतके दिवस कुणाचं बोट होतं हे सांगावं लागणार होतं. पुण्याच्या कंपनीने मागच्या ठिकाणचं वर्तणुकीचं प्रमाणपत्र मागितलं होतं आणि ते अजून नागपूरहून यायचं होतं. अर्ज मी फाडला नाही, दिलाही नाही. परत खणात ठेवला. गोंदियाला बसमधून उतरलो तेव्हा समोर एसटीडीचं दुकान होतं. बडेबाबूंना फोन करावा असं मनात आलं. दुकानात दोघे रांगेत होते. मी थांबलो नाही. दोघांची रांग मला लांब वाटली.

दिवाळीला घरी आलो. बाजारात पणत्यांच्या ढिगापाशी मावशी भेटली. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"कवा आले? नोकरी बरी हाय ना तिकडं?"

"बरी आहे. तुमचं कसं चाललंय?"

"सोडलं जी ते काम. उमर झाली, गुडघे दुखते." मग पुन्हा तेच. "तुमाले काही तरास तर नाही ना नोकरीत? कोणी काही बोललं तर नाही?"

कुणी काही बोललं नाही, असं मी सांगितलं. तिने मान हलवली आणि पणत्या निवडू लागली. मला हायसं वाटलं. स्वतःहून सोडलं म्हणजे आपल्या अंगावर काही राहिलं नाही, असा हिशोब मी तिथेच उभ्या उभ्या केला आणि घरी येऊन पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना भेटायला गेलो. आतून दार उघडून मला घेतलं. फरशी एक अनोळखी माणूस पुसत होता, अंगात ठेकेदाराचा निळा शर्ट. बडेबाबूंनी चहा मागवला आणि म्हणाले, "बरं झालं आला. एक काम करून दे. एकोणीस नंबर काढून टाक त्याच्यातून. तुह्या जागेवरच्या नव्या पोट्ट्याले जमून नाही राह्यलं आणि नागपूरवाले बोंबलून राह्यले."

"मावशींनी तर काम सोडलं ना?"

"सोडलं?" बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. "काढलं तिले. तू गेल्यावर तिचं बोटच लागेना. साहेब आला नागपूरहून. विचारलं, येवढे दिवस लागत होतं ते बोट कोणाचं? म्हने, आठवत नाही. तीनदा विचारलं, तीनदा तेच. खोटं बोट लावलं, फसवणूक केली, म्हनून काढलं. रडली लय. पन नाव नाही घेतलं तिनं कोणाचं."

मी माझ्या जुन्या संगणकापुढे बसलो. पासवर्ड माझाच चालू होता, कुणी बदलला नव्हता. एकोणीस नंबर उघडला आणि काढून टाकायच्या आधी सवयीने नोंदी पाहिल्या.

मी गेल्यानंतरची पहिली सकाळ. सात वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं, एकोणीस, जुळलं नाही. एकोणपन्नास, जुळलं नाही. अशा दहा ओळी. म्हणजे दहाही बोटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा. तिसऱ्या दिवशी दहा. मध्ये दोन दिवस नोंदच नव्हती. वीज गेली असणार, त्या दिवशी ती दार ढकलून आत आली असेल आणि फरशी पुसून गेली असेल. मग पुन्हा दहा, दहा, दहा. एरवी आठला मी असायचो, आता दहापर्यंत कुणी येत नव्हतं. दोन-दोन तास ती त्या पायरीवर बसली असेल. मी करून ठेवतो म्हटलं होतं, म्हणून ती रोज लावून बघत होती.

शेवटच्या सकाळी एकच ओळ होती. त्या दिवशी तिने एकच बोट लावलं. कुठलं ते नोंदीत येत नाही. मला मात्र खात्री आहे, की ते डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं असणार. वर्षभर रोज सकाळी तिने तेच पाहिलं होतं.

"बडेबाबू," मी म्हटलं, "ते बोट माझं होतं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "हौ. मले दसऱ्यापासून माहीत होतं."

"मग साहेबाले सांगितलं काहून नाही?"

"तू काहून नाही सांगतलं?"

मी त्यांच्यासमोरच नागपूरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं. सफाईचं काम आता ठेक्यावर गेलेलं आहे, तो विषय संपला, असं तो म्हणाला, आणि एकोणीस नंबर अजून का काढला नाही असं विचारलं. फोन ठेवून मी तो नंबर काढायला घेतला, तेव्हा प्रोग्रॅमने विचारलं, ही नोंद कायमची काढून टाकायची का. मी हो म्हटलं.

दुपारच्या बसने तिच्या गावी गेलो. ती ओट्यावर बसली होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. आत खाटेवर नवरा झोपला होता. मी सांगितलं, की बडेबाबूंना सांगून टाकलं, नागपूरलाही सांगितलं, बोट माझं होतं.

तिचे हात थांबले. चेहरा घाबरा झाला.

"काहून सांगतलं जी? आता तुमची नोकरी?"

"ती नोकरी तर मी जूनमध्येच सोडली ना, मावशी. मी गेलो त्या दिवसापासून ते लोक माझं काहीच बिघडवू शकत नव्हते." हे पूर्ण खरं नव्हतं. त्या प्रमाणपत्राबद्दल मी तिला काही बोललो नाही.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ती सुपातल्या पानांकडे बघत राहिली. आतून नवऱ्याने पाणी मागितलं, तरी ती लगेच उठली नाही.

"मंग हे तुमी मले जातानी सांगाले पायजे होतं," ती म्हणाली.

तिने सूप खाली ठेवलं आणि त्याला पाणी द्यायला आत गेली.